तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांना एकाच वेळी कॉफीला का सोडता?

टीम सांभाळायला लागल्यापासून हा प्रश्न मला वरिष्ठही विचारतात आणि नव्याने रुजू झालेलेही. ‘तेवढ्या वेळात काम झालं नसतं का?’ असं पुढचं वाक्य असतं. माझ्या मते त्या वेळातही काम होतं, फक्त ते जागेवर बसून होण्यासारखं नसतं.

मीटिंगमध्ये माणूस पक्का झालेला विचार मांडतो. आकडे जुळवलेले असतात, शंकांची उत्तरं तयार असतात. अर्धवट सुचलेलं तिथे कोणी बोलत नाही, कारण बोललेलं नोंदलं जातं. कॉफीला मात्र ‘डोक्यात काहीतरी घोळतंय, पण नीट सांगता येत नाही’ असं सहज म्हणता येतं. समोरचा म्हणतो, ‘सांग तर खरं.’ आणि सांगता सांगताच पुष्कळदा ते सांगणाऱ्याला उमगतं.

ज्युलियन ऑर या मानवशास्त्रज्ञाने झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांचा जवळून अभ्यास केला. मॅन्युअलमध्ये न सापडणारे बिघाड ते सोडवत, त्यात एकमेकांना सांगितलेल्या किश्श्यांचा मोठा वाटा होता. अमुक मशीन कसं फसवतं, आपण काय काय करून पाहिलं, अशा गप्पा खाता-पिता चालत. बाहेरून पाहणाऱ्याला तो रिकामा वेळ वाटला असता. मला हे उदाहरण फार जवळचं वाटतं, कारण त्यात कोणी प्रतिभावंत नाही. रोजचं काम करणारी माणसं एकमेकांमुळे जास्त कल्पक होतात, एवढंच आहे.

शिवाय कॉफीला शेजारी उभा असलेला आपल्याच विभागातला असेल असं नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं की नवी माहिती बरेचदा तोंडओळखीच्या माणसांकडून येते. जवळच्यांना ठाऊक असलेलं बहुतेक आपल्यालाही ठाऊकच असतं. हिशेब पाहणारी सहकारी सहज विचारते, ‘ग्राहकाला हीच माहिती दोनदा का भरायला लावता?’ आणि फॉर्म बनवणारे एकमेकांकडे बघतात.

आता ‘एकाच वेळी’ का, ते सांगते. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे संशोधक ॲलेक्स पेंटलंड यांनी एका बँकेच्या कॉल सेंटरमध्ये एवढाच बदल सुचवला होता: टीममधल्या सगळ्यांना कॉफीची सुट्टी एकत्र द्या. मागे पडलेल्या टीम्सचा एका कॉलला लागणारा सरासरी वेळ २० टक्क्यांहून जास्त घटला, संपूर्ण केंद्राचा ८ टक्क्यांनी. ही मोजणी कार्यक्षमतेची आहे, कल्पकतेची नाही, हे मान्य. पण कामातल्या युक्त्या माणसाकडून माणसाकडे जातात त्या वाटा दोन्हीकडे सारख्याच असतात, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणून ‘मग तिथे एक विषय ठरवून देऊया’ असं कोणी सुचवलं की मी साफ नाही म्हणते. विषय ठरला की ती मीटिंगच झाली. मुलांच्या परीक्षा, गुडघेदुखी, कालची मॅच, सगळं बोलू द्यावं. आणि ज्याला त्या वेळात एकट्याने बसायचं असेल, त्याला बसू द्यावं.