चमचा उभा राहिला, पण…

मिक्सर घुरघुरत राहिला. पातं नुसतंच पोकळीत फिरत होतं, वर गोठलेल्या केळ्याच्या चकत्या जागच्या जागी.

“अगं, घाल की थोडं दूध,” सासूबाई मागून म्हणाल्या.

नाही घातलं. दूध ओतलं की मिल्कशेक होतो; मला करायचा होता स्मूदी बाऊल, म्हणजे गोठलेली फळं वाटून केलेलं, चमच्यानं खायचं दाट मिश्रण. रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवलेली २ केळी, मे महिन्यात साठवलेल्या हापूसच्या फोडी, ३ चमचे घट्ट दही. बस्स. ५ मिनिटं तसंच ठेवलं, फोडी जरा सैलावल्या, मग थांबत थांबत फिरवलं, मध्येच चमच्यानं खाली ढकलत. (मिक्सर बंद करून, हो! एक लाकडी चमचा गमावून शिकलेय.) शेवटी इतकं दाट झालं की चमचा उभा राहिला. वर डाळिंबाचे दाणे, भाजलेले तीळ. अर्थातच फोटो.

सासूबाईंनी एक चमचा खाल्ला. दात शिवशिवले, डोळे गच्च मिटले. मग काही न बोलता डब्यातली रात्रीची पोळी काढली, तुकडा मोडला आणि सरळ बाऊलमध्ये बुडवला.

“छान झालंय शिकरण. फक्त फार गार आहे.”

हसू आलं, थोडा रागही. ऑफिसात दिवसभर तेच वाक्य डोक्यात. एवढे व्हिडिओ बघून, मिक्सरशी झटापट करून मी बनवलं काय, तर माहेरी भाजी नसली की आई पाच मिनिटांत करायची ते!

पोळी मीही बुडवून पाहिली. चांगली लागते.

उद्या वेलची घालायची की जायफळ, यावर घरात वाद सुरू आहे. तुमच्याकडे काय घालतात?