वळिवडे स्टेशनावर उतरून गांधीनगरला

कोल्हापुरातून गांधीनगरला जायला कुणी रेल्वे धरत नाही. तावडे हॉटेलच्या चौकात उतरायचं, रिक्षा करायची, की आलं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्या घरातली चार-पाच लग्नं तरी अशीच गेली. या खेपेला धाकट्या बहिणीच्या लग्नातल्या आहेराच्या साड्या बघायच्या होत्या, पण मी मुद्दाम सकाळची मिरजेकडे जाणारी पॅसेंजर धरली आणि वळिवड्याला उतरले. हे गाव ज्यांच्यामुळे झालं, ती माणसं याच रुळांवरून आली होती.

स्टेशन लहान. माझ्याबरोबर पाच-सहा माणसं उतरली आणि आपापल्या वाटेला लागली. मी थोडा वेळ फलाटावरच थांबले. १९४३ साली इथं उतरलेल्या बायकापोरांना काय दिसलं असेल? माळ, ऊस, लांबवर पंचगंगेच्या काठची झाडी आणि त्यांच्यासाठी बांधलेल्या बराकींच्या रांगा.

ही मंडळी पोलंडची. दुसरं महायुद्ध सुरू होताच पोलंडचा पश्चिम भाग जर्मनीनं आणि पूर्व भाग सोव्हिएत रशियानं घेतला. १९४० आणि ४१ मध्ये पूर्वेकडच्या लाखो लोकांना मालगाड्यांत भरून सायबेरिया, कझाकस्तानच्या बाजूला नेलं. थंडी, भूक आणि जंगलतोडीची मजुरी यांत माणसं झिजून मेली. पुढे जर्मनी रशियावरच उलटला, तेव्हा कुठे या लोकांची सुटका झाली. जे वाचले त्यांतले कित्येक १९४२ मध्ये इराणात पोचले. पुरुष सैन्यात गेले. बायका, मुलं, म्हातारे कराचीमार्गे हिंदुस्थानात आले आणि त्यांतले सुमारे पाच हजार वळिवड्याच्या छावणीत राहिले. जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला होता. ती छावणी बंद झाल्यावर १९४६ मध्ये तिथली मुलंही इकडेच आली.

माझी आजी शेजारच्या उचगावची. तिचे वडील कॅम्पात भाजी घालायचे. कोबी आणि बीट! "आपल्याकडं बीट कोण खातंय तवा? पण पोलंडवाल्या बायका निवडून निवडून घ्यायच्या," असं ती सांगायची. दोन वेण्या घातलेल्या गोऱ्या पोरी रांगेनं गाणी म्हणत नदीकडे जायच्या आणि रविवारी घंटा वाजायची, हेही तिच्याकडूनच ऐकलेलं. ती घंटा छावणीतल्या चर्चची. तिथं शाळा होत्या, दवाखाना होता, नाटकं व्हायची, बालवीरांची पथकं होती. बांबूच्या चटयांच्या भिंती आणि कौलारू छप्पर असलेल्या लांब बराकींत एकेका कुटुंबाला खोल्या दिलेल्या. दारापुढे लोकांनी फुलझाडं लावली होती. सायबेरियातून आलेल्या मुलांना कोल्हापूरचं ऊन किती गोड लागलं असेल, हे मला आजी गेल्यावर उमगलं. तिला विचारायचं बरंच राहून गेलं.

स्टेशनापासून गांधीनगरच्या पेठेत चालत गेले. सकाळचे साडेदहा. शटर वर जात होती, टेम्पोतून गाठी उतरत होत्या, हमालांच्या आरोळ्या चालू होत्या. साड्या, ड्रेस मटेरियल, टॉवेल, चादरी, लहान मुलांचे कपडे, सगळं होलसेलात. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून आणि कर्नाटकातून व्यापारी इथं माल भरायला येतात. कोल्हापूर महापालिकेच्या हद्दीबाहेरचं हे गाव. एका बाजूला उचगाव, दुसऱ्या बाजूला वळिवडे, चिंचवाड. एवढ्याशा जागेत इतकी दुकानं उभी राहिली, ती अगदी मोकळ्या हातांनी आलेल्यांच्या कष्टातून.

फाळणी झाली आणि सिंधमधले हिंदू घरंदारं सोडून निघाले. पंजाब आणि बंगाल वाटले गेले, त्यांचा अर्धा तुकडा तरी भारतात राहिला. सिंध अख्खा पलीकडे गेला. तिकडून निघालेल्यांना इकडे आपलं म्हणावं असं राज्यच नव्हतं. मुंबईजवळ कल्याणच्या लष्करी छावण्यांत उल्हासनगर वसलं, तसं कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या बराकींत गांधीनगर. पोलिश लोक १९४८ पर्यंत इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. रिकाम्या झालेल्या त्याच खोल्यांत सिंधी कुटुंबांनी चुली मांडल्या. कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं ते १ मार्च १९४९ ला. म्हणजे हे सगळं संस्थानाच्या शेवटच्या काही वर्षांतलं. आणि दोघांच्याही वाटेवर कराची! एकांना तिथं बंदर मिळालं, दुसऱ्यांचं घर तिथं सुटलं.

आम्ही ज्या दुकानात नेहमी जातो, तिथले मालक माझ्यापेक्षा अस्सल कोल्हापुरी बोलतात. "या की ताई, बसा निवांत. बघायला काय पैसं पडत्यात व्हय?" असं म्हणत त्यांनी गादीवर साड्यांचा ढीग घातला. एक उघडायची, पदर दाखवायचा, की लगेच दुसरी तिच्यावर. ब्लाउजपीसचं कापड त्यांनी लोखंडी मीटरपट्टीवर मोजलं, काठाला कात्रीनं इवलीशी खाच मारली आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडलं. धाग्याला धागा सरळ! मी बघतच राहिले. "वडलांनी शिकवलं. ते खांद्यावर गठ्ठा टाकून खेड्यापाड्यांत फिरायचे. उधारीची वही असायची. उसाचं बिल आलं की लोक पैसे द्यायचे. बुडवलं फार थोड्यांनी."

मी जुन्या कॅम्पाचं विचारलं, तर ते मला मागच्या गल्लीत आपल्या घरी घेऊन गेले. त्यांच्या आईंनी आधी पापड आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. सिंधी घरात पाहुण्याला आधी पापड-पाणी, मग बाकीचं बोलणं. पापड मिरीचा, विस्तवावर भाजलेला, कडेला किंचित करपलेला. आजींचा जन्म इथल्याच बराकीतला. चटईच्या भिंतीतून शेजारच्या घरातलं सगळं ऐकू यायचं, कुणाच्या घरी डाळ-पकवान आहे ते वासावरून कळायचं. आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागेच त्यांचा नव्या वर्षाचा सण, चेटीचंड येतो, त्यांच्या झुलेलाल देवाच्या पूजेच्या ताटाची, बहराण्याची मिरवणूक निघते. "तुमची गुढी उतरायची, आमचा बहराणा निघायचा. पोरं दोन्हीकडं," त्या म्हणाल्या. त्या मुलाशी मराठीत बोलत होत्या, सुनेशी सिंधीत, आणि नातवाला हाक मारली ती हिंदीत.

२०१९ च्या सप्टेंबरात लहानपणी या छावणीत राहिलेली काही पोलिश माणसं वळिवड्याला आली होती, तेव्हा इथं स्मारकाचा स्तंभ उभा राहिला. त्याच्या महिनाभर आधीच महापुरानं सगळा पट्टा हलवून सोडला होता. पार ऐंशी-नव्वदीतली माणसं इतक्या लांबून आली, आपली बराक कुठं होती ते शोधत होती. मी त्याचं कौतुक सांगत होते. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांना बरं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना इथं परत येता आलं. माझी आई सिंधमधलं शिकारपूरचं घर डोळे मिटेपर्यंत सांगत होती. विहीर कुठं, जिना कुठं. तिला कोण नेणार?"

मला उत्तर सुचलं नाही. त्यांनीच दुसरा पापड पुढे केला.

वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, ऑगस्ट २०२४ मध्ये पंतप्रधानांनी तिथं फुलं वाहिली, तेव्हा आपल्याकडे बऱ्याच जणांना ही गोष्ट पहिल्यांदा कळली. कोल्हापुरात महावीर उद्यानातही पोलिश लोकांनी उभारलेलं स्मारक आहे, रोज त्याच्यावरून फिरायला जाणारे शेकडो आहेत. मला मनापासून वाटतं की शाळेच्या सहली पन्हाळ्याला जातात तशा वळिवड्यालाही जाव्यात. आणि गेल्यावर मुलांना पोलंडइतकंच सिंधबद्दलही सांगावं. ज्यांनी मागाहून येऊन गाव वसवलं, त्यांची आठवण सांगणारं काही मला तरी त्या पेठेत दिसलं नाही.

परतताना मालकांनी साड्यांच्या गठ्ठ्याला सुतळी बांधली, उचलायला कडी करून दिली आणि आजींनी आत कागदात गुंडाळलेले दहा-बारा कच्चे पापड सरकवले. "लग्नाच्या घरात लागत्यात," म्हणाल्या. संध्याकाळच्या पॅसेंजरला गर्दी होती. गठ्ठा मांडीवर धरून बसले, तर समोरच्या बाईंनी विचारलं, "गांधीनगरचा बस्ता का? कितीला पडल्या?"

मी भाव सांगितला. मग पापड दाखवले, आणि कोल्हापूर येईपर्यंत त्या आजींच्या आईच्या विहिरीची गोष्ट सांगत राहिले.