पार्किन्सन्ससाठी फिजिओथेरपिस्ट निवडताना

माझ्या पतींना पार्किन्सन्सचे (कंपवाताचे) निदान झाले तेव्हा आम्ही नेदरलँड्समधील आइंडहोव्हन येथे राहत होतो. न्यूरॉलॉजिस्टनी गोळ्यांबरोबर फिजिओथेरपी सुचवल्यावर दोन पर्याय पुढे आले: घराजवळचे नेहमीचे केंद्र, किंवा शहराच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या ‘पार्किन्सननेट’मधील थेरपिस्ट. थेरपिस्टांचे हे जाळे न्यूरॉलॉजिस्ट बास्टियान ब्लूम आणि फिजिओथेरपिस्ट मार्टेन मुन्नेके यांनी 2004 मध्ये उभे केले. मोजक्या थेरपिस्टांना खास प्रशिक्षण द्यायचे आणि रुग्ण त्यांच्याकडेच वळवून त्यांचा हात बसू द्यायचा, ही त्यामागची कल्पना.

कल्पना पटण्यासारखी होती, परंतु तिची पारख झाली होती का, हे मला पाहायचे होते. 2010 मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत 699 रुग्ण होते. जाळे असलेल्या आणि नसलेल्या भागांतील रुग्णांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नाही, खर्च मात्र कमी झाला. वाचून मी खट्टू झाले. मग ध्यानात आले की तेथे तुलना प्रदेशांची होती आणि मला निवडायचा होता थेरपिस्ट. त्या प्रश्नाच्या अधिक जवळचा अभ्यास 2017 चा: एका विमा कंपनीच्या नोंदींतील चार हजारांहून अधिक रुग्णांपैकी जे विशेषज्ञांकडे गेले, त्यांच्यात अस्थिभंग, न्यूमोनिया यांसारख्या गुंतागुंती कमी दिसल्या आणि त्यांना सत्रेही कमी लागली. अर्थात ही विभागणी चिठ्ठ्या टाकून केलेली नसल्याने, मुळातच अधिक जागरूक माणसे विशेषज्ञांकडे गेली असण्याची शक्यता उरतेच.

म्हणून दोन्हीकडे जाऊन मी तेच प्रश्न विचारले: पार्किन्सन्सचे किती रुग्ण तुम्ही पाहता, आणि दारातून जाताना पाय जमिनीला खिळल्यासारखे अडकले तर काय करता? जवळच्या गृहस्थांनी असे रुग्ण क्वचितच येतात, हे प्रांजळपणे सांगितले आणि स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम सुचवले. पार्किन्सननेटच्या बाईंनी आधी लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाची, गोळी किती वाजता घेतली ते विचारले, पतींना दारातून चालवून पाहिले, मेट्रोनोमचा, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राचा, ठेका लावला, मग जमिनीवर चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या. ठेक्याने फारसे साधले नाही. रेघांवरून मात्र ते न अडखळता गेले.

तेथील सक्तीचा मूळ आरोग्यविमा एकविसाव्या सत्रापासून लागू होणार होता आणि पहिली वीस आमच्या पूरक विम्यात बसत होती, त्यामुळे दोन्हीकडचा खर्च सारखाच पडणार होता. आम्ही दूरच्या बाईंकडे नाव नोंदवले. सत्राची वेळ गोळीचा परिणाम टिकून असतानाची मागून घेतली.