आयसोनियाझिडमधून वाचलेली ती एक पेशी

क्षयाची औषधं सहसा सहा महिने का घ्यावी लागतात, याचं वर्गात मिळणारं उत्तर सोपं असतं: काही जंतू हळू वाढतात, म्हणून औषधातून सुटतात. आयसोनियाझिड हे क्षयाचं औषध जंतूच्या पेशीभित्तीतली मायकोलिक आम्लं तयार होऊ देत नाही. भिंतीचं बांधकामच मंदावलं असेल, तर औषध अडवणार काय? त्या सकाळच्या फिल्ममध्ये मात्र वेगळंच दिसलं.

आमचे प्रयोग मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर चालतात. क्षयजंतूचा हा निरुपद्रवी भाऊबंद तीनेक तासांत दुप्पट होतो, क्षयजंतूला जवळपास २० तास लागतात. बारीक नळ्यांच्या चिपमधून वाढमाध्यम वाहत असतं, कॅमेरा ठरावीक वेळाने फोटो घेतो. आयसोनियाझिड सोडून झालं होतं. मी आणि माझी ज्युनिअर फिल्म बघायला बसलो.

सगळ्या पेशी एकाच पेशीची लेकरं, तरी वाढ सारखी नव्हती. हे जंतू टोकांकडून लांबतात, त्यातही जुन्या टोकाकडून, म्हणजे जे मागच्या विभाजनात नव्याने बनलेलं नाही त्याकडून, जास्त. विभाजनात आईचं जुनं टोक जिच्या वाट्याला येतं ती भराभर वाढते, दुसरी मागे पडते. औषध पोहोचल्यावरही काही काळ विभाजन चालूच राहिलं. मग पेशी फुटायला लागल्या. मागे पडलेल्याही फुटल्या. एक तेवढी टिकली.

फिल्म उलटी फिरवून ज्युनिअरने तिची आधीची वाढ मोजली. "ताई, ही तर चांगली वाढत होती की!"

एका पेशीवरून काही सिद्ध होत नाही. पण वाकामोतो, नीरज धर, मॅककिनी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हेच दाखवलं होतं. आयसोनियाझिड पेशीत शिरल्यावर कॅट-जी हे एन्झाइम त्याला कार्यक्षम करतं, आणि हे एन्झाइम प्रत्येक पेशीत अधूनमधून, उसळ्या घेत तयार होतं. जिच्यात या उसळ्या विरळ, तिच्यात औषध जागंच होत नाही. वाढीच्या वेगाशी याचा संबंध त्यांना आढळला नाही.

अशी पेशी औषध-प्रतिरोधी नसते, हे मी ज्युनिअरला पुन्हा पुन्हा सांगितलं. जनुकं तीच असतात, आणि तिची पिल्लावळ त्याच औषधाने मरू शकते. प्रतिरोध आणि ही तगून राहण्याची क्षमता, यांची गल्लत मला फार खटकते.

मग वाढीतला फरक बिनमहत्त्वाचा का? मुळीच नाही. २०१७ मध्ये रेगो, ऑडेट आणि रुबिन यांनी लॅम-ए हे प्रथिन काढून टाकलं, तेव्हा बहिणी-बहिणींच्या वाढीतली तफावत घटली आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या दुसऱ्या औषधाने पेशी अधिक एकसारख्या मेल्या. म्हणजे प्रश्न औषधागणिक वेगळा विचारायला हवा. दुपारीच आम्ही रिफाम्पिसिनची चिप लावली.