टाटाला जावं लागेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मला लायकेन स्क्लेरोसस आहे, म्हणजे योनीच्या बाहेरच्या त्वचेचा जुनाट, खाजणारा आजार. मी ते लपवत नाही, म्हणून गिरगावातल्या आमच्या चाळीत बायका जिन्यात गाठून हळूच विचारतात, "ताई, याचा पुढे कॅन्सर होतो म्हणे? टाटाला जावं लागेल का?"

होऊ शकतो. पण बहुतेकींना होत नाही. उपचाराविना राहिलेल्या बायकांत हे प्रमाण शंभरात पाचपर्यंत सांगतात. त्वचेखाली वर्षानुवर्षं सूज धुमसत राहते, कातडी पांढरी, पातळ होते, व्रण धरते आणि तिथेच कधीतरी पेशी बिघडतात. हा रस्ता बहुधा एचपीव्हीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागच्या विषाणूचा नव्हे, त्यामुळे त्याची लस घेतली म्हणून निर्धास्त होऊ नका. शिवाय हा रोग संसर्गाचा नाही. सासूबाईंनी तुमचा टॉवेल वेगळा काढायचं काही कारण नाही.

बायका कॅन्सरला घाबरतात, पण त्याहून जास्त घाबरतात मलमाला. डॉक्टर क्लोबेटासोल हे तीव्र स्टेरॉइड मलम लिहून देतात आणि खोक्यातल्या कागदावर 'नाजूक जागी लावू नये' अशी सूचना असते. झालं, ट्यूब कपाटात! गंमत म्हणजे याच बायका केमिस्टकडून गजकर्णाचं मिश्र मलम न विचारता आणतात, आणि त्यातही बरेचदा क्लोबेटासोलच असतं. सिडनीत 507 बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास 2015 मध्ये आला. सांगितल्याप्रमाणे नेमाने स्टेरॉइड मलम लावणाऱ्या 357 जणींपैकी एकीलाही तिथे कॅन्सर झाला नाही. अधूनमधून लावणाऱ्या 150 जणींपैकी सातजणींना कॅन्सर किंवा त्याची पूर्वावस्था निघाली. मला हे डॉक्टरांनी सांगितल्यापासून खाज नसली तरी मी ठरल्या वारी मलम लावते. खाज थांबली म्हणजे रोग गेला असं नाही.

दुसरं काम आरशाचं. आमच्या मोरीला दार नाही, पडदा आहे. दुपारी घरात कुणी नसताना हातातला आरसा पाटावर ठेवायचा, मोबाइलची बॅटरी लावायची आणि नीट बघायचं. पांढरेपणाला घाबरायचं नाही, तो ओळखीचा. न भरणारी जखम, गाठ, एकाच जागी जाड खरखरीत झालेली कातडी, रक्त, यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता केईएम, नायर, सायन, जे जवळ असेल तिथली त्वचेची ओपीडी गाठायची. जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात, तपासायला पाठवतात. टाटाचा प्रश्न त्या रिपोर्टनंतरचा. आणि काहीच नसलं तरी वर्षातून एकदा दाखवायचंच.

हो, हा रोग पुरुषांनाही होतो. पुढची कातडी आवळते, मागे सरत नाही, आणि कॅन्सरचा धोका त्यांनाही असतो. परवा एका भावोजींनी बायकोला पाठवून माझ्याकडे मलमाचं नाव विचारलं. मी दिलं नाही. म्हटलं, त्यांना म्हणावं स्वतः जा आणि दाखवा.