नुसतं 'वेअर'

जपानी भाषेच्या परीक्षेची एन-टू पातळी नुकतीच पास झाले होते आणि कन्व्हेयरच्या मॅन्युअलचं इंग्रजीतून जपानी करायचं काम हाती आलं. पहिल्याच पानावर सूचना : हेल्मेट, सेफ्टी शूज, गॉगल आणि हातमोजे 'वेअर' करा. इंग्रजीत एका क्रियापदात चारही वस्तू अंगावर चढतात. जपानीत डोक्यावरचं ते काबुरु, पायातलं हाकु, चष्मा काकेरु, हातमोजे हामेरु. शर्ट असता तर किरु. आपल्याला याचं नवल वाटायला नको. आपणही साडी नेसतो, फेटा बांधतो, चष्मा लावतो. (जपानच्या उत्तरेला, होक्काइदोकडे हातमोज्यांनाही हाकु म्हणतात, हे कळल्यावर जरा धीर आला.)

मी चार वस्तूंना चार क्रियापदं लावली आणि स्वतःवरच खूश झाले. तपासणाऱ्या जपानी बाईंनी चारही खोडली. शेरा असा, की चूक काही नाही, पण शाळेच्या पुस्तकातलं वाटतं. कारखान्याच्या सूचनेत एकच शब्द पुरतो : चाकुयो. 'होगोगु ओ चाकुयो सुरु कोतो', म्हणजे संरक्षक साधनं परिधान करावीत. घरात कोणी काही 'परिधान' करत नाही, पण पाटीवर ते शोभतं. तसंच हे.

चाकुयो एवढं डोक्यात बसलं, की पुढे एक्सेलमध्ये एका सेलात नुसतं 'वेअर' दिसलं तिथेही तेच टाकून मोकळी झाले. फाइल पाठवायच्या आधी, रात्री साडेअकराला, सहज खाली नजर गेली. खालच्या सेलात 'क्रॅक', त्याखाली 'लीकेज'. डावीकडे बेल्ट, रोलर, बेअरिंग. आता बेअरिंग काय परिधान करणार? ही तपासणीची यादी होती आणि हा 'वेअर' म्हणजे झीज. जपानीत मामो.

मग झोप कसली! सगळ्या फाइलींत 'वेअर' शोधत बसले. प्रत्येक ठिकाणी आधी मराठीत विचारायचं, घालायचं की झिजायचं? मराठीत उत्तर आलं की जपानी शब्द आपोआप सुचत होता. फसले ते 'वेअर पार्ट्स'ला. तिथे मी इमानदारीत मामो वापरलं, तर बाईंनी शोमोहिन केलं. वापरात संपणाऱ्या, ठरावीक काळाने बदलायच्या वस्तू. ग्राहकाला भाग झिजतो याच्याशी देणंघेणं नसतं, तो कधी मागवायचा एवढंच हवं असतं.

सध्याच्या फाइलमध्ये एका सेलात नुसतं 'चार्ज' आहे. बॅटरीचं असेल तर जुदेन, पैशांचं असेल तर र्योकिन. आजूबाजूचे सेल रिकामे. क्लायंटला मेल टाकलाय.