एकच नग, दोन गिऱ्हाइकं: मामीच्या साड्यांची जोडणी, तिसरा रविवार

रामबागेतली मामी महेश्वरहून हातमागाच्या साड्या आणते. काही घरी विकते, काही तिच्या वूकॉमर्सच्या (वर्डप्रेसच्या साइटवर दुकान थाटून देणाऱ्या प्लगइनच्या) ऑनलाइन दुकानावर. हातमागाचा माल असल्याने तिच्याकडे एका साडीचा एकच नग असतो. गेल्या महिन्यात राणी रंगाची साडी सकाळी घरी आलेल्या बाईंनी नेली आणि दुपारी तीच ऑनलाइन विकली गेली. "अरे, आता त्या पुण्याच्या बाईंना काय सांगू मी?" मामीचा फोन आला आणि मी कामाला लागलो.

घरच्या विक्रीची वही मी पायथनच्या छोट्या अ‍ॅपमध्ये आधीच आणली होती. आता तिला वूकॉमर्सची पायथन लायब्ररी, म्हणजे दुकानाशी बोलणारा तयार कोड, जोडली. दुकानाचा पत्ता, कन्झ्युमर की आणि सीक्रेट (दुकानात शिरायच्या दोन गुप्त किल्ल्या) दिलं की माल वाचणं, बदलणं एकेका ओळीत होतं. किल्ल्या मात्र कोडमध्ये लिहू नका. रीड-राइट, म्हणजे वाचायची आणि बदलायची मुभा देणारी, किल्ली ज्याच्या हाती पडेल तो सगळ्या साड्यांचे भाव बदलू शकतो.

साड्या १३७ आणि यादीत आल्या १०! तासभर मी मामीच्या वर्गवाऱ्या तपासत बसलो. काही सांगितलं नाही तर एका पानात १०च नग मिळतात, 'पर पेज' वाढवलं तरी फार तर १००. पानं एकूण किती, ते उत्तराच्या हेडरमध्ये (उत्तरासोबतच्या माहितीत) येतं, तेवढा लूप फिरवायचा. लायब्ररीचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहायची मुदत, ५ सेकंदांचा असतो, आमच्या होस्टिंगसाठी मी ३० केला.

मग स्टॉक शून्य पाठवला. उत्तर २०० (म्हणजे 'ठीक, पोचलं') आलं, साडी दुकानावर तशीच! त्या साडीचं 'मॅनेज स्टॉक' (नग मोजायची सोय) बंद होतं, आणि ते बंद असेल तर आकडा धरलाच जात नाही. आता 'मॅनेज स्टॉक' चालू आणि आकडा, दोन्ही एकदमच पाठवतो.

उलट दिशेला, म्हणजे ऑनलाइन विक्री वहीत यावी म्हणून, वेबहुक लावला, म्हणजे विक्री झाली की दुकानच आपणहून वहीला निरोप पाठवतं. यात पूर्ण रविवार गेला. निरोप खरंच दुकानाचा आहे हे दाखवणारी सही जुळेचना. आलेला जेसन (निरोपातला मजकूर) मी आधी उघडून पुन्हा बांधत होतो, त्यात स्वल्पविरामांपुढे मोकळ्या जागा पडत होत्या आणि एचमॅक, म्हणजे मजकूर आणि गुप्त शब्दावरून काढलेली ती सही, बदलत होता. सही आलेल्या कच्च्या बाइट्सवरच काढायची. शिवाय डिलिव्हरी लागोपाठ पाचाहून जास्त वेळा फसली की वेबहुक आपोआप बंद होतो. म्हणून आलं की लगेच २०० परत द्यायचं आणि काम मागाहून करायचं.

आज संध्याकाळी मामीने जांभळ्या काठाच्या साडीची घडी घातली, दोऱ्याला बांधलेल्या चिठ्ठीवरचा ६४ हा नंबर फोनमध्ये टाकला. मी लॅपटॉपवर पान रिफ्रेश केलं, 'आउट ऑफ स्टॉक'. मामीने चष्मा लावून स्वतः एकदा पाहिलं.

राहिलंय ते असं: मामीकडचं नेट गेलं असताना साडी विकली तर? तोवर नोंद फोनमध्येच थांबवून ठेवायची रांग पुढच्या रविवारी लिहायला घेतो.